मोहाखालून गेलेली वायर

माझा धंदा वायरीचा. जंगलातल्या ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची जी वायर गेली आहे, ती कुठे तुटली की जाऊन जोडायची, एवढंच माझं काम. घर चिमूरकडे, धानाची शेती, पण पोटासाठी एटापल्लीत खोली घेऊन राहतो. रस्त्यात कोणी भेटलं की रामराम करायच्या आधी विचारतं, "भाऊ, नेट काऊन नाई?" सुरुवातीला राग यायचा. आता रामरामाची आशाच सोडून दिली आहे.

राग अजूनही येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. नेट हवेतून येतं, असा लोकांचा पक्का समज आहे. खेड्यातल्यांचाच नाही, चंद्रपूरच्या माझ्या पदवीधर साडूचासुद्धा. हवेतून येतं ते फक्त शेवटचं अंगणभर अंतर, पंचायतीच्या भिंतीवर टांगलेल्या वायफायच्या डबीपासून हातातल्या फोनपर्यंत. त्याआधीचा सगळा प्रवास मातीतून. केसाएवढी बारीक काचेची तार असते, तिच्यातून उजेड धावतो आणि त्या उजेडात आपलं बोलणं असतं. आपण बोललो की फोन त्या बोलण्याचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यावर कुठून निघाला, कुठे जायचा, तो पत्ता घालतो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचं यंत्र बसलेलं असतं. ते पत्ता वाचतं आणि तुकड्याला पुढच्या वाटेला लावतं. पलीकडे पोचल्यावर सगळे तुकडे पुन्हा ओळीनं जुळतात आणि आपल्याला वाटतं, माणूस समोरच बसून बोलतो आहे.

आणि पलीकडचा फोन सापडलाच नाही तर? तर पाठवलेला निरोप वाटेतल्या एका मोठ्या कंप्युटरवर ठेवून दिला जातो. तो हरवत नाही, थांबतो. पलीकडचा फोन पुन्हा जोडला गेला की सगळे थांबलेले निरोप एकामागून एक उतरतात. हे मी किती जणांना किती सहज सांगितलं असेल. एका मार्च महिन्यानंतर मला ते तसं सहज सांगता येत नाही.

मार्च म्हणजे आमच्याकडे मोहफुलांचा महिना, आणि माझ्या हाडवैराचा. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली वाळलेला पाला असला तर ते दिसत नाही, वेचता येत नाही. म्हणून फुलं गळायच्या आधी लोक झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करतात. पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आमची वायर मात्र नवी आणि कंत्राटदार आळशी. खडक लागला तिथे चर खणायचा सोडून त्यानं पाईप तसाच वर टाकला, त्यावर दोन घमेली माती लोटली आणि पुढे गेला. पहिल्याच पावसात माती वाहून गेली. मग मोहाखालची आग पाईपापर्यंत पोचते, पाईप वितळतो, आतली काच तडकते आणि पुढची गावं बंद. मार्च-एप्रिलमध्ये मी माणूस राहत नाही, नुसता जोड मारत फिरतो.

एटापल्लीच्या पुढच्या एका गावात आम्ही यावर तोड काढली होती. गावात टॉवर नाही. पंचायतीचं वायफाय हाच जगाशी असलेला एकमेव धागा. गावाबाहेर रस्त्याला लागून मोहाची झाडं आहेत आणि त्यांच्याच बुंध्याजवळून पाईप जातो. मी गावकऱ्यांना म्हटलं, झाडाखालचा पाला तुम्ही सगळे मिळून एकदाच झाडून घ्या. माणसं माझ्याकडे बघतच राहिली. तिथे प्रत्येक मोहाचं झाड कोणत्या ना कोणत्या घराचं असतं. त्या झाडाखाली दुसऱ्या घरचं माणूस झाडू लावत नाही आणि आगपेटीही ओढत नाही. शेवटी ठरलं, ज्याचं झाड त्यानं पेटवण्याआधी पाईपावरचा पाला फांदीनं ओढून बाजूला करायचा. लोकांनी ते मनापासून पाळलं. मला वाटलं, जिंकलो.

त्या ओळीतलं एक झाड एका म्हाताऱ्या बाईचं होतं. नवरा केव्हाच गेलेला, एकच मुलगी, तीही लग्न होऊन याच गावात. पाला ओढायचं काम ती मुलगी करायची. त्या वर्षी ती नवऱ्याबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली आणि तिकडेच अडकली, कारण तिला दिवस गेले होते आणि शेवटी शेवटी तिकडच्या डॉक्टरनं प्रवासाला नाही म्हटलं. जाताना तिनं आईला एक फोन देऊन ठेवला होता. रोज संध्याकाळी बाई पंचायतीच्या ओट्यावर येऊन बसायची. पंचायतीचा कंप्युटर सांभाळणारी गावातलीच एक तरुण मुलगी तिला फोन लावून द्यायची. मी दुरुस्तीला गेलो असताना एकदोनदा पाहिलं आहे. बाई काहीच बोलायची नाही. पडद्यावर लेकीचं पोट बघायची आणि हसायची.

त्या मार्चमध्ये कंप्युटरवाल्या मुलीचा मला फोन आला तो टेकडीवरून, जिथे दूरच्या टॉवरची थोडीशी रेंज लागते.

"भाऊ, लाइन मरून कितीक दिवस झाले. तुम्ही येऊन नाई राह्यले."

"अवं, सगळ्याच गावच्या लायनी मेल्या हायेत. एक एक करत येतो ना."

"लौकर या भाऊ. बाईच्या पोरीचे दिवस भरले. बाई जेवत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीला किक मारली. आमच्याकडे एक यंत्र असतं. ते वायरीत उजेड सोडतं, उजेड तुटलेल्या जागेवर आपटून परत येतो आणि त्यावरून तूट किती लांब आहे ते कळतं. यंत्रानं जागा दाखवली ती त्या मोहांच्या ओळीतली. पोचलो तर एका झाडाखाली जमीन काळी, पाईप वितळून दगडाला चिकटलेला. बाकी सगळ्या झाडांखाली पाईपावरचा पाला नीट बाजूला ओढलेला. माझं डोकं सणकलं. कंप्युटरवाली मुलगी तिथेच माझी वाट बघत उभी होती. तिच्यावरच ओरडलो.

"कोणाचं झाड हाय हे? एवढं सांगून समजत नाई का लोकायले?"

ती खाली बघून म्हणाली, "बाईचं."

फुलं गळायचे दिवस आले आणि लेक आली नाही, तेव्हा बाईनं स्वतःच आग लावली होती. दुसरं कोण लावणार? झाड तिचं. आग लावायची असते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पाला ओढायचा असतो हे तिला माहीत नव्हतं. लेक दरवर्षी रस्त्याच्या बाजूला काहीतरी ओढाओढ करते, ती नव्या पोरींची नसती स्वच्छता, एवढंच तिला वाटायचं. लेकीचा आवाज आपल्याच झाडाखालून येतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या मते तो हवेतून यायचा. ज्या समजावर मी सगळ्यांची टिंगल करत आलो होतो, तो त्या दिवशी असा माझ्यासमोर आला. माझा राग गेला आणि त्या जागी काय आलं ते मला तिथे उभं राहून नीट कळेना. नुसतं वाईट वाटत होतं.

काचेची तार जोडताना हात थरथरून चालत नाही. दोन टोकं साफ करायची, सरळ कापायची, यंत्रात समोरासमोर ठेवायची. एक ठिणगी पडते आणि काच एक होते. काम संपवून आम्ही पंचायतीत आलो तेव्हा दुपार झाली होती. बाई ओट्यावर बसलेली होती, फोन मांडीवर. पाला न ओढल्यानं वायर तिच्याच झाडाखाली जळली, हे कंप्युटरवाल्या मुलीनं तिला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं माझ्याकडे बघून हात जोडले. मला ते बघवलं नाही, म्हणून आत जाऊन राउटरचे दिवे बघत बसलो. हिरवा लागला.

आणि बाहेर बाईच्या फोनमध्ये निरोप उतरू लागले. टिंग, टिंग, टिंग. थांबेचनात. सगळे बोलून पाठवलेले होते, जवळजवळ सगळे लेकीचे. मी बाहेर आलो तेव्हा कंप्युटरवाली मुलगी पहिल्यापासून एकेक लावू लागली. भाषा माडिया. मला अर्धीमुर्धी कळते, म्हणून ती प्रत्येक निरोपानंतर हळूच मराठीत सांगायची. त्यामुळे प्रत्येक गोष्ट आधी बाईच्या चेहऱ्यावर दिसायची आणि मागाहून मला कळायची.

पहिल्यात लेक म्हणत होती, यायो, म्हणजे आई, पोट दुखायला लागलं, दवाखान्यात निघालो. बाई फोनला म्हणाली, जा, उशीर नको करू.

"बाई, हे जुनं हाय. होऊन गेलं हे," मुलगी म्हणाली. बाईनं हातानं तिला गप्प केलं.

पुढचा, यायो, तू बोलत का नाहीस? त्याच्या पुढचा, मला भीती वाटते, तू नुसती हो म्हण. बाई "हो" म्हणाली, "हो, हो, हो," असं म्हणतच राहिली. मग एका निरोपात लेकीचं बोलणंच नव्हतं. तान्ह्या बाळाचं रडणं होतं, खणखणीत, आणि मागून लेकीचं हसणं. बाईनं फोन कानाला लावला, मग छातीला लावला. ओट्यावर आम्ही तिघंही हसत होतो. लेकीला मुलगी झाली होती. त्यानंतरच्या निरोपात लेकीनं विचारलं होतं, नाव तू सांग, तू सांगितल्याशिवाय ठेवणार नाही. बाईनं एक क्षणही घेतला नाही. तिनं आपल्या आईचं नाव सांगितलं, मोठ्यानं, जणू लेक रस्त्यापलीकडे उभी आहे.

शेवटचा निरोप जावयाचा होता. छोटासाच. बाईचा चेहरा बघितला आणि मला मराठीत ऐकायची गरज राहिली नाही. तरी मुलीनं सांगितलं. बाळ श्वास घेईना, मोठ्या दवाखान्यात नेता नेता गेलं. तिकडेच माती दिली.

मला रडू आलं. वायर जोडली नसती तर, असाही एक वेडा विचार मनात येऊन गेला. मुलीनं लेकीला फोन लावला. पलीकडे ती आली, पण बोलेना, नुसतं रडणं ऐकू येत होतं. मी बाईला हळूच सांगत होतो, मी सांगतो, रस्त्याच्या कामात वायर तुटली म्हणून सांगतो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं लेकीला सरळ सांगून टाकलं, आग मी लावली, पाला मी ओढला नाही, तुझा आवाज मी जाळला.

पलीकडचं रडणं थांबलं. मग लेकीनं काहीतरी विचारलं आणि बाई ओट्यावर वाकली, कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत. मी मुलीकडे पाहिलं.

"जेवलीस का, म्हणून विचारून राह्यली," ती म्हणाली.

फोन झाल्यावर बाईनं तो मांडीवर ठेवला. मग तिनं मला तिच्या तुटक मराठीत विचारलं, "भाऊ, ते लेकराचं रडणं हाय का अजून? का आग लागली की जाईल?"

मी म्हटलं, "नाई बाई. ते आता तुमच्या फोनात उतरलं. वायर जळली, लाइन गेली, तरी नाई जात. तुमच्यापाशीच राहील."

तिनं हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. तिनं फोन मुलीपुढे केला. "लाव."

मुलीनं तो निरोप लावला. रस्त्यानं बायका मोहफुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन परतत होत्या. लेकराचं रडणं ऐकून त्या ओट्यापाशी थांबल्या. त्यांतली एक हसून म्हणाली, "कोणाचं लेकरू हाय वं? कधी आलं?"

बाईनं मान वर केली आणि त्यांना नातीचं नाव सांगितलं.