माझा ड्रॅगन, त्याचे अश्रू

काल नवऱ्याबरोबर सिनेमा पाहिला. ज्या जादूच्या पुस्तकांवर तो बेतलाय, ती मी शाळेत असताना जेवणखाण विसरून वाचली होती; त्याने एक पानही उघडलेलं नाही. मी सारखी खोट काढत होते. किल्ला ठेंगणा, चेटकीण फारच तरुण. मग म्हातारा ड्रॅगन मेला. तो मरणार हे मला ठाऊकच होतं, त्यामुळे माझे डोळे कोरडे राहिले. शेजारी नवरा मात्र चक्क हुंदके देत होता. माझा ड्रॅगन, आणि रडतोय हा! मला त्याचा भयंकर हेवा वाटला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "पुढे काय होतं गं?"

"पुस्तकं देते. वाच," मी म्हटलं.

तो खुशीत पुढे चालू लागला. पुढचं काहीच माहीत नसलेला, सुखी माणूस.