तारेचं कॅलिप्सो

जेद्दातल्या आमच्या शाळेच्या नेचर क्लबचे किस्से खिडकीतल्या वाळूसारखे आहेत. पुसून काढावेत, तर सकाळी पुन्हा तेवढेच साचलेले. मी वर्गात फारशी बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

*

प्रदर्शनात प्रत्येकीने एका झाडाचं मॉडेल मांडायचं होतं, त्यासाठी फरीदा मिसनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या मैत्रिणीला, झोयाला, खजूर आला. मला आलं कॅलिप्सो, उत्तरेकडच्या थंड जंगलातलं दुर्मिळ रानऑर्किड. एक पान, एक गुलाबी फूल.

"मिस, मी तर जंगलच पाहिलेलं नाही."

मिस रत्नागिरीच्या, आमच्याशी मराठीत बोलायच्या. म्हणाल्या, "बरंच झालं. पाहिलेलं बनवताना माणूस नीट बघत नाही."

*

कॅलिप्सोचं एकुलतं एक पान हिवाळाभर बर्फाखाली तग धरतं, हे आम्हाला पटेना. झोयाने कोपऱ्यावरच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये हात घातला, मी आकडे मोजले. एकोणचाळीसला दुकानदार म्हणाला, "यल्ला, बंद करो!"

झोया बोटं चोळत म्हणाली, "पान शहाणं नाही. चिवट आहे."

*

मॉडेल मिसच्या नवऱ्याने, युसूफकाकांनी केलं. ते बलदच्या जुन्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायचे. सौदायझेशनमध्ये त्या कामावर फक्त सौदी माणसं ठेवायची असा नियम आला आणि काका घरी बसले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायच्या आत दुसरं काम मिळालं नाही, तर मिसनाही देश सोडून जावं लागणार होतं. त्या काकांच्याच व्हिसावर होत्या.

काकांनी चिमट्याने तांब्याची तार वळवून खालची पाकळी केली. "यात मध किती असतो गं?"

"अजिबात नसतो, काका. मधमाशी नुसती रंगाला भुलून येते."

"म्हणजे माझ्यासारखीच. जाहिरात वाचून आलेली."

मिस वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि तेवीस वर्षं राहिलेली."

*

बिस्किटांच्या डब्यात शाळेच्या आवारातली माती भरून आम्ही त्यात फूल रोवलं. प्रदर्शनात एका पालकांनी विचारलं, "हे इथे आणून एसीत का लावत नाहीत?"

मिस माझ्याकडे बघत राहिल्या. मला बोलावंच लागलं. "उपटलं की बहुतेक मरतं. त्याच्या मातीत एक बुरशी असते. तिच्यावाचून ते जगत नाही."

मागे काका उभे होते. "आणि मातीसकट नेलं तर?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही, काका."

*

काकांना काम मिळालं नाही. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मिसकडे सामान बांधायला गेलो. विमानात एका बॅगेला तीस किलोची मर्यादा होती, शेवटची बॅग काट्यावर दोन किलो जास्त भरली. आत सगळ्यात वर तो बिस्किटांचा डबा होता.

"चाचा, तारेच्या फुलाला माती कशाला?" झोया म्हणाली. "ओतून टाकते."

काकांनी डब्यावर हात ठेवला. मग बॅगेच्या तळातून दुरुस्तीच्या हत्यारांची पेटी ओढून काढली आणि दाराशी ठेवली.

"आता बघ."

बरोबर तीस.