राहीचं पुढं काय झालं

वर्षाली वाईट नव्हती. कुणाच्या घरी दुखणं असलं की सगळ्यांच्या आधी पोहोचायची, बाजारात तिच्याकडून मेथी घेणारीला वर मूठभर कोथिंबीर फुकट मिळायची, आणि लग्नकार्यात शंभर माणसांच्या पोळ्या लाटूनही तिनं कधी कंबर दुखते म्हटलं नाही. पण एक होतं. तिच्यासमोर दुसऱ्या बाईची स्तुती केली की तिचा चेहरा उतरायचा. आणि ती दुसरी बाई म्हणजे धाकटी जाऊ चंदा असली, तर मग विचारूच नका. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलंच म्हणून समजा.

चंदा अकोल्याची. शहरातली पोरगी, म्हणून अचलपूरजवळच्या या खेड्यात टिकायची नाही, मळ्यातल्या चिखलात पाय घालायची नाही, असं वर्षालीनं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. पण ती टिकली. नुसती टिकली नाही, वर्षभरात सासूची लाडकी झाली. पार्वताबाई म्हणजे तोंडानं फटकळ बाई. वर्षालीनं इतकी वर्षं तिचं केलं, तर कधी 'बरं झालं' यापुढं शब्द गेला नाही. चंदानं मात्र नुसता चहा दिला तरी पार्वताबाईचं आपलं चालू, की हिच्या हाताले चव आहे बाप्पा. चहाला कसली आली चव! साखर तीच, पत्ती तीच, दूध त्याच गाईचं. वर्षालीचा जीव जळायचा, पण बोलणार काय आणि कुणापाशी?

अशातच गावात बोलणं झालं, की अंगणवाडीची सेविका पुढच्या वर्षी रिटायर होणार. जागा गावातल्याच बाईला मिळणार, बारावी पास पाहिजे, आणि मार्क जास्त तिचं नाव वर. वर्षालीची दहावी झालेली, तीही चांगल्या मार्कांनी. पुढं शिकायचं राहून गेलं ते गेलंच. तिनं मनात घेतलं, की बारावीला बाहेरून बसायचं. नवऱ्याला, किशोरला, तिनं पुष्कळ दिवस मनधरणी करून तयार केलं. आणि हा शहाणा म्हणतो काय, एकटी कशाले जातं, चंदालेही घेऊन जा संगं, तिची तर अकरावी झालेली आहे. झालं! कल्पना वर्षालीची, मनधरणी वर्षालीची, आणि शेवटी दोघी जावा एका बसमध्ये. जागा मात्र एकच.

अचलपूरच्या एका शाळेत बाहेरून बसणाऱ्या बायांसाठी रविवारी वर्ग भरायचा. नीलम मॅडम मराठी शिकवायच्या. तोंडी परीक्षेसाठी त्यांनी त्यांच्या आवडीची एक जुनी कादंबरी लावली होती. प्लेगच्या सालातली गोष्ट. राही आणि सगुणा या दोघी मैत्रिणी, घरचं कुणी उरलं नाही म्हणून कामाच्या शोधात पायी निघतात. एका भाकरीचे दोन तुकडे करत, देवळांच्या ओसऱ्यांवर झोपत, कापसाच्या जिनपर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत, पोहोचायचं एवढंच त्यांना ठाऊक. बाजारात ते पुस्तक मिळत नव्हतं. शाळेच्या कपाटातली एकच प्रत दोघी जावांच्या वाट्याला आली, तीसुद्धा अशी की शेवटची पानं कधीच गळून गेलेली.

मग घरी रोज एक गंमत सुरू झाली. दिवस कलला की मेथीचा ढीग मधे घेऊन दोघी बसायच्या. एकीनं वाचायचं, दुसरीनं जुड्या बांधायच्या, मग पाळी बदलायची. पार्वताबाई खाटेवरून ऐकायची आणि मधेच राहीला शिव्या घालायची, की एवढं उन्हाचं कशाला निघाली ही येडी. वर्षाली वाचायला लागली की आवाज बदलून वाचायची. मुकादमाचा आवाज काढला की चंदा हसून हसून जुडी सोडून द्यायची. खरं सांगायचं तर त्या वेळेला वर्षालीला चंदाचा राग येत नसे. इतकंच काय, दुपारपासूनच ती मनात म्हणायची, कधी एकदा मेथी उपटून येते. लग्न होऊन आल्यापासून या घरात तिच्याजवळ असं कुणी बसलंच नव्हतं.

पण रविवार आला की सगळं मुसळ केरात. वर्गात मॅडमनी काही विचारलं की चंदाचं उत्तर तयार. तेही पुस्तकातलं नव्हे, स्वतःच्या मनातलं. सगुणा रुसली ती भुकेनं रुसली मॅडम, राहीवर नाही रुसली, असं काहीतरी ती बोलून जायची आणि मॅडम खडू खाली ठेवून ऐकत राहायच्या. वर्षालीला सगळी गोष्ट तोंडपाठ, प्रकरणामागून प्रकरण. तिला मॅडम म्हणायच्या, छान. नुसतं छान. वर्षाली परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायची आणि चंदा आपली शेंगदाणे सोलून तिच्या हातावर ठेवत राहायची.

जानेवारीत पार्वताबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि नेमका तोच रविवार, ज्या दिवशी मॅडम त्यांच्या घरच्या प्रतीतून शेवट वाचून दाखवणार होत्या. पाळी खरं तर वर्षालीची होती, मोठी सून म्हणून. पण चंदाच म्हणाली, "तुमी जा ताई. मी थांबतो मायजवळ. तुमी मले येऊन सांगसान ना, तुमच्या तोंडून तर मले जास्त समजते."

वर्षाली गेली. पुढच्या बाकावर बसून तिनं शेवट ऐकला. वाटेत सगुणाला ताप भरतो, काखेत गाठ येते. लोक म्हणतात, हिला इथंच टाक आणि जीव वाचव. राही तिला झाडाखाली ठेवून एकटीच जिनवर जाते, तिला कामही मिळतं, पोटभर जेवणही मिळतं. पण पहिला घास तोंडाशी नेते आणि तशीच उठते. भाकर पदरात बांधून आल्या वाटेनं परत चालत सुटते. सगुणा जिवंत असते, तिच्या मांडीवर डोकं ठेवते आणि पहाटे जाते. राही तिथून हलत नाही. वर्षालीनं पदरानं डोळे पुसले. घरी जाऊन हे कसं सांगायचं, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, हे ती तिथंच जुळवायला लागली होती.

तेवढ्यात मॅडम पुस्तक मिटून म्हणाल्या, की आज चंदा हवी होती, ती नसली की वर्गाला मजा येत नाही.

एवढंच. मॅडमच्या मनात काहीही नव्हतं. पण वर्षालीला ते असं झोंबलं की विचारता सोय नाही. ही आली काय नि नाही काय, बोलणं तिचंच! बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नाही, आणि त्याचाही राग तिनं चंदाच्याच खात्यात टाकला. घरी पोहोचते तर काय, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली पार्वताबाई शेजारणीला सांगत होती, की चंदी तर अंगणवाडीची बाई झाल्यातच जमा आहे, लेकरं कशी भोवती असतात पाहा तिच्या. चंदा हात पुसत बाहेर आली, वर्षालीला पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न, राहीचं पुढं काय झालं?

"गेली," वर्षाली म्हणाली.

आणि मग जीभ जी सुटली ती सुटलीच. राही जिनवर गेली, तिथं तिला काम लागलं, पोटभर जेवली. सगुणा झाडाखाली मेली, एकटी. राहीनं मागं वळून पाहिलं नाही. संपली गोष्ट. सांगताना वर्षालीनं आवाजही उतरवला, मधे थांबलीही, जसं वर्गात जुळवलं होतं तसंच. नेहमी सांगायची त्याहून चांगलं सांगितलं म्हणा ना.

चंदाचा चेहरा पांढरा पडला. रात्री ती नीट जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या बांधता बांधता आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, की राहीचाही काही नाइलाज असेल, तिलाही भूक होतीच की. पुढं पाचसहा दिवस तिचं हेच. कधी म्हणे, राहीला वाटलं असेल सगुणा गेलीच. कधी म्हणे, मुकादमानं सोडलं नसेल तिला. वर्षालीला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला. आता सांग म्हणावं परीक्षेत मनातलं उत्तर! पण चंदा दर दिवशी राहीसाठी नवं कारण शोधून आणायची, तेव्हा वर्षालीला ते ऐकवेना. दोनदा तिच्या ओठावर आलं, की अगं चुकलं माझं सांगायचं. दोन्ही वेळा तिनं ते गिळलं. तोंडी परीक्षेला एकेकीला आत बोलावतात, आपल्याला काय, असं म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

पुढच्याच रविवारी, परीक्षेच्या दिवशी, शिपायानं बाहेर येऊन सांगितलं, की मॅडम हजेरीप्रमाणे दोघी दोघींना आत घेत आहेत. जावांचं आडनाव एक, नावं लागोपाठ. शेवटाचं विचारतीलच असं थोडंच आहे, असं म्हणत ती चंदाच्या मागोमाग आत गेली. दोघी एका बाकावर बसल्या.

मॅडमनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाल्या, "वर्षालीताई, चंदा त्या रविवारी नव्हती. तुम्ही शेवट सांगा, मग त्यावरचा प्रश्न मी तिला विचारते."

आता आली का पंचाईत! खोटा शेवट सांगावा तर मॅडमना ठाऊक, की ही बाई पुढच्या बाकावर बसून डोळे पुसत होती. मार्क गेले, त्यांच्याबरोबर अंगणवाडीही गेली. आणि खरा सांगावा तर शेजारी चंदा. वर्षालीनं मॅडमकडं बघितलं, मग भिंतीवरच्या नकाशाकडं. चंदाकडं बघायची हिंमत तिला झाली नाही. आणि ती खरं बोलायला लागली. पहिला घास, पदरातली भाकर, आल्या वाटेनं परत, सगुणाचं डोकं मांडीवर. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. बोलताना तिला आपलाच आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत होता.

मॅडम म्हणाल्या, छान. मग चंदाला विचारलं, शेवट तुला आधी माहीत होता ना?

वर्षालीला वाटलं, आता ही सांगते. सांगू दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

"हो मॅडम," चंदा म्हणाली. "ताईनं त्याच दिवशी घरी येऊन सांगतला. हाच."

मॅडमनी मग विचारलं, की समजा राही परत आली नसती, तर सगुणाला काय वाटलं असतं.

"सगुणाले राग नसता आला," चंदा सावकाश म्हणाली. "तिनं राहीसाठी कारणं शोधली असती. रोज एक. राहीले भूक लागली असन, राहीले कोणी अडवलं असन. ती शोधतच राहिली असती, मॅडम. मग एक दिवस तिले समजलं असतं, का कारण काहीच नव्हतं. तेव्हा ती मेली असती."

मॅडम तिच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांनी पेन उचललं. आणि वर्षालीची नजर, मेली ती नजर, त्या क्षणालासुद्धा टेबलावरच्या कागदावर गेली. उलटा आकडा तिला सरळ वाचता आला. चंदाला तिच्यापेक्षा जास्त दिले होते. आपल्याला लाज वाटायला हवी हे तिला कळत होतं आणि लाज वाटतही होती, पण तिच्या आधी पोटात जे दुखलं ते जुनंच दुखणं होतं. आपण इतक्या वाईट आहोत हे तिला त्या बाकावर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. चंदा नेहमीसारखी तिच्या शेजारीच बसली. दोघींची तिकिटं काढली. बस गावाबाहेर पडली, दोन्हीकडं संत्र्याच्या बागा लागल्या. वर्षालीला वाटत होतं, हिनं भांडावं, चारचौघांत ओरडावं, निदान तोंड फिरवून बसावं. शेवटी तिलाच राहवलं नाही. तिनं चंदाच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, की चंदा, त्या दिवशी मी घरी आली ना, तर माय शेजारणीले सांगत होती...

चंदानं आपला हात हळूच काढून घेतला.

"अंगणवाडीचा अर्ज मी भरणार आहो, ताई," ती म्हणाली. "तुमीबी भरा. ज्याले भेटन त्याले भेटन, त्याचं मले काही नाही. घरात मी पहिलेसारखीच राहीन, मायले काही समजू देणार नाही. पण आता मले काही वाचून दाखवू नोका. मी माझं माझं वाचीन."