कोऱ्या डोळ्यांचं कव्हर

"तो फोटो कव्हरवरून काढा," मी म्हणालो.

फोनवर पलीकडे होती मार्लीन, नेदरलँड्समधल्या एका डच मासिकाची संपादक. चार-पाच वेड्या माणसांनी चालवलेलं मासिक. पाठीशी कंपनी नाही. रेडिओ ज्यांना विचारत नाही, असे बँड ते छापतात. मी पेणचा, रामवाडीत माझा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या ऑर्डरींवर पोट भरतं, बँडचे फोटो हौसेनं काढतो.

हा बँड हमरापूरचा. गाणारी सविता वडिलांच्या गणपती कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. प्रॅक्टिसही तिथंच. माझ्या फोटोत ती माइकवर बेंबीच्या देठापासून ओरडतेय आणि मागे ओळीनं कच्च्या मूर्ती, डोळे कोरे. मार्लीन जाम खूश झाली. माझीही छाती फुगली. पाठवण्याआधी सविताला विचारायचं सुचलं नाही. गाढवपणा माझाच.

प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचं पान, तिला दाखवलं. चेहराच उतरला तिचा.

"दादा, आखणी नाय झाली ह्यांची. आमच्या घरात कच्ची मूर्ती कारागिराकडं जाते, बघणाऱ्याकडं नाय."

ड्रमर मनीष रोह्याहून शिफ्ट संपवून आला होता. तो भडकलाच. "अगो, कव्हर हाय! परत कोण विचारणार आपल्याला?"

"नको विचारू दे! देवाला आंधळा दाखवून मला मोठं व्हायचं नाय," सविता म्हणाली आणि रडली. कव्हर तिलाही हवंच होतं.

म्हणून हा फोन.

"उद्या अंक प्रेसला जातोय," मार्लीन म्हणाली. "आमच्या वाचकांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळणार. हमरापूरला कळेल."

"मग कव्हर दुसऱ्या बँडला द्यावं लागेल."

"खुशाल द्या. फोटो माझा आहे, परवानगी नाही."

एवढं बोललो आणि फोन ठेवला.

अंक आला, तो घेऊन मी कारखान्यात गेलो. कव्हरवर दुसराच बँड. सविता आतल्या दोन पानांवर, मागे नुसती भिंत. तिच्या गाण्याला कोकलणं म्हणणाऱ्या बाबांनी पान बराच वेळ न्याहाळलं.

"मूर्ती का नाय घेतल्या?"

"आखणी राहिलेली," सविता म्हणाली.

"मग झाल्यावर बोलव ह्यांना," ते माझ्याकडे बघून म्हणाले आणि कामाला लागले.

धडा साधा आहे. फोटो पाठवण्याआधी विचारावं. कव्हर गेल्याचं वाईट वाटतंच, खोटं कशाला बोलू? पण उद्या परत तसाच फोन करायची वेळ आली, तर परत नाहीच म्हणेन.