टिटवीच्या मागून

विमान धावपट्टीकडे नेत होतो, तेवढ्यात शेजारच्या गवतातून एक टिटवी आम्हाला मागे टाकून गेली. उडत नव्हे, चालत! वाटेत थांबून तिने किडा खाल्ला, तरी पुढेच. शेजारची सहवैमानिक हसली. "सर, जरा वेग?"

"नियमात सावकाश जा म्हटलंय ना? मग सावकाशच."

आम्हा वैमानिकांच्या पगार-कराराची बोलणी इतकी लांबलीत, की पहिल्या बैठकीतल्या माझ्या काळ्याभोर मिशा पिकून गळूनही गेल्या. दर बैठकीत बडे साहेब गोड हसून तेच म्हणतात, "सकारात्मक वातावरणात चाललंय, थोडा धीर धरा." आज तेच साहेब माझ्याच विमानात पहिल्या रांगेत होते, कार्यक्षमतेबद्दलचा स्वतःचा सत्कार घ्यायला निघालेले.

सूड म्हणे विजेसारखा कोसळतो. छे! मुरलेला सूड टिटवीसारखा चालतो, मान डोलवत, किडे टिपत.

मागून हवाई सुंदरीचा फोन आला. "कॅप्टन, साहेब चिडलेत. विचारतायत, उडणार कधी?"

"त्यांना गोड हसून सांग, सकारात्मक वातावरणात चाललंय, थोडा धीर धरा."

पुढे टिटवी आमची वाट बघत थांबली होती.