लातूरच्या रस्त्यावरचं धुकं

आमच्या घरात आलेली नवी वस्तू जुनी होतच नाही, कारण हे तिला जुनी होऊ देत नाहीत. हे म्हणजे माझे यजमान, श्रीपाद, नांदेडच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेले. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो आणि बटणं पिशवीवरूनच दाबायची असतात. फ्रिजच्या दारावरची पन्नी पिवळी पडून तिचे पोपडे निघाले, तरी तिला हात लावायचा नाही. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक तर गाडी आली त्या दिवशी होतं तसंच आहे. उन्हाळ्यात त्यावरून उठताना साडी मागेच राहते की काय, अशी मला भीती वाटते. काही बोलावं तर ह्यांचं ठरलेलं उत्तर, "नवं हाय तोवर नवं राहू दे की!"

मध्यंतरी मी शेजारच्या शबानाबरोबर गाडी शिकले. लायसन्स आलं तेव्हा ह्यांनी कौतुकानं त्या कार्डाला आणखी एक प्लास्टिकचं पाकीट घातलं आणि ते कपाटात ठेवून दिलं. मी ते काढून पर्समध्ये ठेवलं. बाजाराला जाताना शबाना तिची गाडी मला चालवायला देते. आमच्या गाडीची किल्ली मात्र मला कधी मिळाली नाही.

गाडी म्हणजे ह्यांचा जीव. एक रविवार सोडून एक रविवार आम्ही लातूरला जातो. देविका, आमची लेक, तिथे असते आणि नात वैष्णवी डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. तिच्यासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन, स्वतः गाडी चालवत जायचं, हा ह्यांचा सण असतो. आदल्या दिवसापासून हवा, पाणी, काच सगळं तपासून होतं.

पण गेल्या उन्हाळ्यात चाकूरजवळ एका मोटारसायकलला आमची गाडी घासली. कुणाला लागलं नाही, पण माणसं गोळा झाली आणि सगळे ह्यांच्यावरच तुटून पडले. "तो आलाच कुठून?" एवढंच हे म्हणत राहिले. गोष्ट हैदराबादला मुलाच्या, आलोकच्या कानावर गेली. "बाबा, आता गाडी विकून टाका," तो सरळ म्हणाला. ह्यांनी दोन दिवस जेवण धड केलं नाही. शेवटी बापलेकांचं ठरलं की गाडीत कॅमेरा बसवायचा, प्रत्येक खेपेचा व्हिडिओ आलोकला पाठवायचा, आणि दिवाळीला त्यानं काय तो निर्णय द्यायचा. गाडी राहणार की जाणार, हे आता त्या कॅमेऱ्यावर होतं.

पाशामियाँच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ह्यांची जुनी ऊठबस. तिथे होता त्यातला महागातला महाग कॅमेरा ह्यांनी बसवून घेतला, आणि तोही घासाघीस न करता. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारा हा माणूस! घरी आले ते चालीत वेगळाच ताठा घेऊन.

पहिल्या खेपेचा व्हिडिओ गेला आणि आलोकचा फोन आला. "बाबा, धुकं होतं का?"

"भर उन्हात कशाचं धुकं?" हे म्हणाले, आणि मग आम्ही दोघांनी तो व्हिडिओ पाहिला. रस्ता ताकात बुडवून काढल्यासारखा दिसत होता. पुढचा ट्रक म्हणजे एक मोठा डाग आणि मोटारसायकल म्हणजे लहान डाग. पाटीवरचं अक्षर एकही लागत नव्हतं.

ह्यांना काही समजेना. काच आतून-बाहेरून ओल्या वर्तमानपत्रानं घासली. वायपर बदलले. पुढच्या खेपेला धुकं आणखी दाट! कॅमेऱ्याचा रिकामा खोका घेऊन हे पाशामियाँकडे गेले, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "साहेब, माल एक नंबर हाय. दुसऱ्यांच्या गाडीत झकास चालून राहिलाय. तुमच्या काचेतच काही असंल." परत येऊन ह्यांनी पुन्हा काच घासली. एवढी महाग वस्तू, आणि तिच्यापेक्षा माझा जुना मोबाईल बरा, असं म्हणून ते खुर्चीत बसून राहिले. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

मग एक दिवस आलोकनं मला एकटीला फोन केला आणि हळूच विचारलं, "आई, बाबांना रस्ता असाच दिसतो का गं?"

"कॅमेऱ्याचा आणि डोळ्यांचा काय संबंध?" म्हणून मी त्याला झापलं. पण त्याचं म्हणणं ह्यांच्याही कानावर गेलं असावं. एकदा पाहते तर हे एक डोळा झाकून भिंतीवरचं कालनिर्णय वाचत उभे! मला पाहून म्हणाले, एकादशी कधी आहे ते बघत होतो. त्यानंतर गाडीत मला सारखं विचारायला लागले, "ती पाटी वाच बरं." ते माझे डोळे तपासत होते की स्वतःचे, कोण जाणे.

त्यातच लोह्याच्या पुढे मला डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई गाडीसमोर दिसली. मी "अहो!" म्हणून किंचाळले. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी वळून पाहिलं तर मागून ट्रक आडवा आला होता आणि बाई काही दिसली नाही. संध्याकाळी व्हिडिओत नुसतं पांढरं पांढरं, आणि त्यातून माझा आवाज, "अहो!" हे म्हणाले, "बघ, कुणी न्हाई. उगी ओरडून राहिलीस." मीही गोंधळले. बाई होती की नव्हती? कॅमेरा खराब, ह्यांचे डोळे खराब, की माझंच डोकं फिरलंय? त्या रात्री मी माझाच चष्मा तीनदा पुसला.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी मी गाडी आतून पुसत होते. कॅमेऱ्यावरून फडकं फिरवलं तर नखाला काहीतरी लागलं. ओढलं तर भिंगावरून एक बारीकशी, उन्हानं फुगलेली पन्नी निघाली. ती बोटावर घेऊन मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"हे काय?"

ह्यांनी पाहिलं आणि तोंड लहान झालं. "पाशामियाँ काढूनच राहिला होता. मी म्हणलं, राहू दे, ओरखडे पडतील. तिचं एक शेपूट लोंबत होतं, ते बरं दिसेना, मग घरी येऊन मी कात्रीनं कापलं." मग म्हणाले, "कॅमेरा त्यातूनच बघतो, हे मला काय ठाऊक?"

मी हसत सुटले. हेही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लगेच आलोकला फोन. "अरे, पन्नी होती रे! माझे डोळे ठणठणीत हायेत!"

दुसऱ्या दिवशी लातूरला निघालो तेव्हा हे गुणगुणत होते. अहमदपूर मागे पडलं आणि मला पुढे सायकलवर दुधाचे कॅन लावलेला एक म्हातारा दिसला. आत्ता हे बाजूला घेतील, मग घेतील, म्हणून मी वाट पाहिली. घेतलंच नाही. "अहो!" मी ओरडले, ह्यांनी दचकून स्टेअरिंग ओढलं आणि कॅनला हात लागेल इतक्या जवळून गाडी गेली. "काय झालं?" ह्यांनी विचारलं. मागच्या वेळेपासून माझाच माझ्यावर भरवसा नव्हता. मी म्हणाले, काही नाही.

संध्याकाळी देविकाकडे ह्यांनी सगळ्यांना गोळा करून फोनवर व्हिडिओ लावला. चित्र कसं लख्ख! हे प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून दाखवत होते. मग दुधाचे कॅन एकदम मोठे होऊन बाजूनं गेले आणि माझं "अहो!" ऐकू आलं.

"हा आलाच कुठून?" हे म्हणाले.

कुठून आला ते बघायला त्यांनी व्हिडिओ मागे घेतला. म्हातारा रस्त्यावर होताच. अजून मागे घेतला. लांब होता, लहान होता, पण होताच. पार मागे, रस्ता सरळ होतो तिथपर्यंत घेतला, तर तिथेही तो पायडल मारत होता. वैष्णवी उठून पाणी घेऊन आली, ते त्यांनी हातात तसंच धरलं.

मग त्यांनी तो व्हिडिओ आलोकला पाठवायला घेतला. "राहू द्या ना," मी म्हणाले.

"न्हाई," ते म्हणाले. "जाऊ दे."

सकाळी निघायच्या वेळी मी डबे घेऊन खाली आले, तर हे देविकाच्या भाजीच्या सुरीनं ड्रायव्हरच्या सीटवरचं प्लास्टिक कापत होते. कापलं, ओढून काढलं, नीट घडी घालून डिकीत ठेवलं. खालचं कापड इतकं कोरं होतं की बघवेना. किल्ली माझ्या हातात दिली आणि हे डावीकडे, माझ्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्याखाली प्लास्टिक करकर वाजलं.

चाकूरपर्यंत मी गाडी सावकाश आणली. मग मीच म्हणाले, "पुढे सायकलवाला आहे."

"दिसला," ते म्हणाले.

मी गाडी बाजूला घेतली. सायकल मागे पडली, गाव मागे पडलं. बऱ्याच वेळानं, बाहेर बघत, ते म्हणाले, "न्हाई दिसला."