उघडी पिशवी

सोसायटीच्या फाटकाशी आमच्या कामवाल्या सरूबाई माझ्यापुढेच होत्या. त्यांनी आपणहून पिशवी उघडून वॉचमनपुढे धरली. आत मी दिलेली जुनी साडी होती.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

"मीच दिली," मी घाईने म्हणाले. माझ्या पिशवीकडे त्याने पाहिलंही नाही, उलट सलाम ठोकला.

तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, समानतेचा हक्क मुलांकडून घोकून घेतला. हक्क हिरावायला कुणी जुलमी राजा लागतो, असंच वाटायचं. पण सोसायटीच्या सभेत कामवाल्यांच्या पिशव्या तपासायचा ठराव आला, तेव्हा चहा गार होतोय म्हणून सगळ्यांबरोबर मीही हात वर केला होता.

फाटकाबाहेर सरूबाई म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं, बाई."